बिग बिल, वामनदादा आणि आपण

गेले काही आठवडे मी बिग बिल ब्रून्झी ऐकतो आहे. एक माणूस, एक गिटार आणि पायाने धरलेला ठेका. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय कष्टकऱ्यांच्या गाण्याचा, म्हणजे ‘कंट्री ब्लूज’चा, हा मोठा गायक १९५१ साली लंडनला आला आणि इथल्या रसिकांनी त्याला डोक्यावर घेतले.

त्यांना वाटले, थेट शेतातून आलेला अस्सल लोकगायक सापडला. प्रत्यक्षात बिल तोवर कित्येक वर्षे शिकागोत राहिला होता. पियानो, ड्रम्सच्या साथीने त्याच्या शेकडो गाण्यांच्या रेकॉर्ड्स निघाल्या होत्या. पण श्रोत्यांना खेड्यातला बिल हवा होता, म्हणून तो एकटा गिटार घेऊन गायला.

त्याचे एक गाणे मात्र या चित्रात बसत नाही. ‘ब्लॅक, ब्राउन अँड व्हाइट’ हे गाणे कातडीच्या रंगावरून मिळणाऱ्या वागणुकीबद्दल आणि मजुरीबद्दल आहे. अमेरिकन कंपन्यांनी ते नाकारले, असे त्याने आत्मचरित्रात लिहिले आहे. ते त्याने १९५१ साली पॅरिसमध्ये ध्वनिमुद्रित केले.

ते ऐकताना मला वामनदादा कर्डक (१९२२-२००४) आठवतात. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा. मुंबईत कष्टाची कामे करता करता त्यांना मोठेपणी अक्षरओळख झाली आणि पुढे त्यांनी हजारो गीते रचली. वस्त्यावस्त्यांतून ती आजही गायली जातात. त्यांचा कोणी ‘शोध’ लावण्याची गरज नाही. ते हरवलेच नव्हते.

इकडे मी पाहिलेल्या ‘लोकधारा’ छापाच्या कार्यक्रमांत लावणी, कोळीगीत, गोंधळ हमखास असतो. भीमगीत क्वचितच. लंडनमधले ज्या घरात बाबासाहेब राहिले, ते किंग हेन्रीज रोडवरचे १० क्रमांकाचे घर महाराष्ट्र सरकारने २०१५ साली घेतले. पाहुण्यांना आपण ते अभिमानाने दाखवतो. मग त्यांच्यावरची गाणी आपल्या रंगमंचावर का नसावीत?

माझे म्हणणे साधे आहे. लोककलावंताला बोलावताना मानधन आधी ठरवावे आणि गाण्यांची निवड त्याच्यावर सोडावी. फेटा, घुंगरू, ‘मातीचा गंध’ यांची मागणी करू नये. एखाद्या गाण्याने सभागृह अस्वस्थ झाले, तर होऊ द्यावे. त्या कलावंताला जे सांगायचे आहे ते ऐकायलाच तर आपण जमणार आहोत.

आपल्या प्रतिक्रिया जरूर कळवा.

– संपादक