विश्लेषण : महागडा लॅपटॉप आणि कोपऱ्यातली फट… ‘दिसण्यातले’ दोष दुर्लक्ष करण्यासारखे असतात का?

लाख-दीड लाख रुपये मोजून घेतलेल्या लॅपटॉपचे खोके उघडावे आणि झाकण बंद केल्यावर एका बाजूची फट दुसरीपेक्षा किंचित जास्त दिसावी. धातूच्या कडेवरचा रंगाचा टवका उडालेला असावा किंवा काळ्या पडद्याच्या कोपऱ्यातून उजेड झिरपताना दिसावा. लॅपटॉप सुरू होतो, वेगही उत्तम असतो. मग तक्रार करायची की नाही? ‘मशीन व्यवस्थित चालतेय ना, मग दिसण्याचे काय घेऊन बसलात’, असे दुकानदार म्हणतो. ‘एवढे पैसे याचसाठी मोजले का’, असे ग्राहकाला वाटते. गेल्या दहा-बारा वर्षांतील काही गाजलेली प्रकरणे पाहिली तर दोघांचेही म्हणणे अर्धेच खरे असल्याचे दिसते. दोष किती मोठा दिसतो यापेक्षा तो आहे तिथेच थांबणार की वाढत जाणार, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. अडचण अशी की, याचे उत्तर मिळेपर्यंत लॅपटॉप बदलून घेण्याची मुदत बहुतेक वेळा संपलेली असते.

महाग लॅपटॉपमध्येच असे दोष जास्त का दिसतात?

स्वस्त लॅपटॉपची बॉडी साच्यात ओतलेल्या प्लास्टिकची असते. पृष्ठभाग थोडा खरखरीत, जोडांच्या रेषा ठळक. त्यामुळे अर्ध्या मिलिमीटरचा फरक त्यात सहज लपतो. महागड्या लॅपटॉपची रचना नेमकी उलट असते. अ‍ॅपलने ऑक्टोबर २००८ मध्ये अ‍ॅल्युमिनियमच्या एकसंध ठोकळ्यातून कोरलेली ‘युनिबॉडी’ मॅकबुक प्रो बाजारात आणली. त्यानंतर सपाट धातू, बारीक कडा आणि जवळपास न दिसणारे जोड ही महागड्या लॅपटॉपची ओळखच बनली. इतर कंपन्यांनीही हीच वाट धरली.

पृष्ठभाग जितका गुळगुळीत, तितका त्यावरचा दोष उठून दिसतो. दोन समांतर रेषांमधला अगदी सूक्ष्म फरकही माणसाच्या डोळ्याला चटकन कळतो. त्यात लॅपटॉपचे झाकण, बिजागरी, पडदा, त्याची चौकट आणि तळ हे सगळे वेगवेगळे भाग एकमेकांवर बसवलेले असतात. प्रत्येक भाग स्वतंत्रपणे मापात असला, तरी प्रत्येकातला थोडा थोडा फरक एकाच दिशेने साचला, की शेवटी झाकणाची एक बाजू वर दिसते. म्हणजे कारखान्यातील प्रत्येक तपासणीत उत्तीर्ण झालेल्या भागांपासूनही वाकडा दिसणारा लॅपटॉप तयार होऊ शकतो.

कडेवरचा रंग का उडतो?

अ‍ॅल्युमिनियमला रंग देण्यासाठी ‘अ‍ॅनोडायझिंग’ ही प्रक्रिया वापरतात. धातू आम्लात बुडवून त्यातून वीज सोडली, की पृष्ठभागावर अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचा सूक्ष्म छिद्रांचा थर तयार होतो. त्या छिद्रांत रंग भरून ती बंद केली जातात. हा थर कठीण असतो, पण ठिसूळही असतो. सपाट भागावर तो चांगला टिकतो. धारदार कडांवर, चार्जिंगच्या छिद्राभोवती त्याचा टवका उडू शकतो आणि खालचा चंदेरी धातू उघडा पडतो. फिकट रंगात हे लक्षातही येत नाही, गडद रंगात लगेच दिसते.

२०१२ मध्ये काळ्या आयफोन ५ बाबत अशाच तक्रारी आल्या. काहींच्या हाती तर खोक्यातूनच ओरखडलेला फोन आला होता. वापराने अ‍ॅल्युमिनियमवर ओरखडे पडणे आणि मूळ रंग दिसणे स्वाभाविक आहे, अशी अ‍ॅपलची तेव्हाची भूमिका होती. ती तांत्रिकदृष्ट्या चुकीची नव्हती. मात्र, ‘वापराने’ हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. सहा महिन्यांनी उडालेला टवका आणि खोके उघडतानाच दिसलेला टवका यांत फरक करावाच लागतो. पहिला वापराचा परिणाम, दुसरा उत्पादनातला किंवा वाहतुकीतला दोष. या दोन्हींचा मशीनच्या कामावर परिणाम होत नाही आणि तो दोष पुढे फारसा वाढतही नाही. नुकसान होते ते वस्तू पुन्हा विकताना किंवा एक्स्चेंजमध्ये देताना मिळणाऱ्या किमतीचे.

‘मापात बसते’ म्हणजे नेमके काय?

कोणतीही वस्तू तंतोतंत एकसारखी बनवता येत नाही. म्हणून प्रत्येक मापात किती फरक चालेल, हे कंपनी आधीच ठरवते. अभियांत्रिकीच्या भाषेत याला ‘टॉलरन्स’ म्हणतात. ग्राहकाला हा आकडा सहसा कळत नाही. तो जाहीर झाल्याचे एक उदाहरण मात्र लॅपटॉपच्या जवळच्या नातलगाचे, म्हणजे टॅबलेटचे आहे. २०१८ च्या अखेरीस आलेल्या आयपॅड प्रोच्या काही संचांना खोक्यातून काढतानाच किंचित बाक असल्याचे ग्राहकांनी दाखवून दिले. हा दोष नसून उत्पादन प्रक्रियेचा परिणाम आहे, असे अ‍ॅपलने सांगितले. पुढे, कोणत्याही बाजूला जास्तीत जास्त ४०० मायक्रॉन म्हणजे ०.४ मिलिमीटरपर्यंतचा फरक मान्य असल्याचे कंपनीने जाहीर केले. छपाईचे साधे चार कागद एकावर एक ठेवले, तर साधारण तेवढी जाडी होते.

पडद्याबाबतही असेच आहे. पडद्यावरील बिघडलेल्या ठिपक्यांसाठी २००१ च्या ‘आयएसओ १३४०६-२’ या आंतरराष्ट्रीय मानकात वर्ग ठरवलेले होते. त्यातील दुसऱ्या वर्गात दर दहा लाख पिक्सेलमागे कायम उजळलेले दोन आणि कायम काळे असलेले दोन पिक्सेल चालत असत. फुल एचडी पडद्यावर २० लाख ७३ हजार ६०० पिक्सेल असतात. म्हणजे मधोमध तीन-चार ठिपके कायम चमकत असले, तरी त्या वर्गाच्या हिशेबात तो पडदा उत्तीर्ण. २००८ मध्ये या मानकाची जागा ‘आयएसओ ९२४१’ मालिकेने घेतली. पण दोषांचे वर्ग आणि त्यातील मान्य संख्या ही पद्धत कायम राहिली. ‘मापात बसते’ या उत्तराचा अर्थ ‘दोष नाही’ असा नसतो. कंपनीने स्वतःसाठी किंवा मानकाने उद्योगासाठी आखलेल्या रेषेच्या आत तो आहे, एवढाच असतो.

‘दिसण्यातला’ डाग दुरुस्तीपर्यंत कसा गेला?

काही दोष सुरुवातीला केवळ दिसण्यातले वाटतात. रेटिना पडद्याच्या मॅकबुक प्रोबाबत हेच घडले. २०१२ पासूनच्या काही संचांच्या पडद्यांवर डाग दिसू लागले. पुसले तरी जात नव्हते, कारण तो मळ नव्हता. प्रकाशाचे परावर्तन कमी करणारा काचेवरचा थरच सुटत होता. पडदा चालत होता, पण त्यावरचे नीट दिसत नव्हते. हजारो ग्राहकांनी एकत्र येऊन तक्रारी नोंदवल्यावर ऑक्टोबर २०१५ मध्ये अ‍ॅपलने अशा पडद्यांची मोफत दुरुस्ती सुरू केली. ‘स्टेनगेट’ नावाने हे प्रकरण ओळखले जाते.

२०१६ च्या मॅकबुक प्रोचे प्रकरण अधिक बोलके आहे. पडद्याच्या खालच्या कडेला रंगमंचावरच्या दिव्यांसारखे उजेडाचे पट्टे दिसू लागले. प्रकाश थोडा असमान आहे, एवढेच कुणालाही वाटले असते. प्रत्यक्षात झाकण उघडताना-मिटताना पडद्याकडे जाणारी पातळ केबल ताणली जाऊन झिजत होती. काही काळाने झाकण ठरावीक कोनापलीकडे उघडले, की पडदा पूर्ण काळा पडे. केबल पडद्याचाच भाग असल्याने ती वेगळी बदलता येत नव्हती, संपूर्ण पडदाच बदलावा लागे. २०१८ च्या मॉडेलमध्ये ही केबल सुमारे दोन मिलिमीटरने लांब असल्याचे दुरुस्ती क्षेत्रातील ‘आयफिक्सिट’ या कंपनीला आढळले. मे २०१९ मध्ये अ‍ॅपलने १३ इंची मॉडेलसाठी मोफत दुरुस्ती जाहीर केली. १५ इंची मॉडेल मात्र त्यात नव्हते.

हा प्रश्न एकाच कंपनीचा नाही. मायक्रोसॉफ्टच्या सरफेस लॅपटॉप ३ च्या पडद्यांना आपोआप केसासारख्या बारीक चिरा पडत असल्याच्या तक्रारी आल्या होत्या. मोजक्या संचांत बाहेरचा एखादा कठीण कण अडकल्याने असे होऊ शकते, हे कंपनीने मे २०२० मध्ये मान्य केले आणि मोफत दुरुस्ती देऊ केली. हे मान्य होण्याआधी अशी चीर घेऊन सेवा केंद्रात गेलेल्या ग्राहकापुढे, ‘मी पाडलेला नाही’ हे सिद्ध करण्याचा पेच होता.

कोणता दोष थांबतो, कोणता वाढतो?

ढोबळ नियम असा : ज्या भागावर रोज ताण येतो, उष्णता येते किंवा जो भाग हलतो, तिथला दोष वाढू शकतो. झाकणावरचा ओरखडा, रंगछटेतला फरक, एखादा काळा पिक्सेल हे सहसा आहेत तसेच राहतात. बिजागरीजवळची फट मात्र वेगळी. प्लास्टिकच्या बॉडीत बिजागरीचे स्क्रू धातूच्या छोट्या नळ्यांत बसवलेले असतात. झाकण उघडताना येणारा जोर त्यांच्यावर पडतो. नळी सैल झाली, की आधी कोपरा किंचित उचलला जातो, मग चौकट तडकते.

सर्वांत गंभीर फट ती, जी आधी नव्हती आणि नंतर आली. टचपॅड वर आलेला, तळ फुगलेला, झाकण पूर्वीसारखे बसत नाही, अशी लक्षणे असतील तर बॅटरीत वायू साठून ती फुगलेली असण्याची शक्यता असते. अशा वेळी चार्जिंग आणि वापर थांबवून सेवा केंद्र गाठणे हाच मार्ग. दाबून बसवण्याचा किंवा स्वतः उघडण्याचा प्रयत्न धोक्याचा. लिथियम बॅटरीतील बिघाड किती गांभीर्याने घेतला जातो, हे २०१९ मध्ये दिसले. सप्टेंबर २०१५ ते फेब्रुवारी २०१७ दरम्यान विकलेल्या १५ इंची मॅकबुक प्रोच्या काही संचांतील बॅटऱ्या अति तापण्याच्या धोक्यामुळे अ‍ॅपलने त्या बदलून देण्याचे जाहीर केले. त्यानंतर असे लॅपटॉप विमानप्रवासात सोबत नेऊ नयेत, अशी सूचना भारताच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने केली होती.

वॉरंटी आणि कायदा काय सांगतो?

बहुतेक कंपन्यांच्या वॉरंटीतून ओरखडे, पोचे असे बाह्य नुकसान वगळलेले असते. पण अनेक ठिकाणी त्यालाही अपवाद असतो : हे नुकसान साहित्यातील किंवा कारागिरीतील दोषामुळे झाले असेल, तर ते वॉरंटीत येते. म्हणजे वाद ओरखडा आहे की नाही याचा नसून, तो कुणामुळे पडला याचा असतो. पहिल्या दिवशी याचे उत्तर सोपे असते, तीन महिन्यांनी जवळपास अशक्य.

भारतात ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा जुलै २०२० पासून लागू आहे. त्यातील ‘दोष’ या शब्दाची व्याख्या बरीच व्यापक आहे. कायद्याने, कराराने किंवा विक्रेत्याने केलेल्या दाव्यानुसार अपेक्षित असलेल्या दर्जातील कोणतीही त्रुटी, उणीव किंवा अपूर्णता त्यात येते. वस्तू बंद पडलेली असावी, अशी अट या व्याख्येत नाही. जाहिरातीत जर निर्दोष फिनिशवरच भर दिलेला असेल, तर फिनिश हा विकलेल्या वस्तूचाच भाग ठरतो, असा युक्तिवाद ग्राहकाला करता येतो. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार सदोष किंवा जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे नसलेली वस्तू परत घेण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही.

मात्र, आयोगापुढे पुरावा लागतो. चाचणीशिवाय दोष ठरवता येत नसेल, तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. दोष सिद्ध झाल्यास दुरुस्ती, बदली वस्तू किंवा किमतीचा परतावा असे आदेश देता येतात. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी जिल्हा आयोगात शुल्क नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते.

ग्राहकाने काय करावे?

खोके उघडताना सीलपासून लॅपटॉप सुरू होईपर्यंतचे सलग चित्रीकरण करावे. बिल आणि अनुक्रमांक त्यात दिसावा. झाकण बंद करून चारही बाजूंची फट पाहावी. सपाट टेबलावर लॅपटॉप डुगडुगतो का, हे तपासावे. अंधाऱ्या खोलीत पूर्ण काळे आणि पूर्ण पांढरे चित्र लावून पडदा पाहावा. झाकण वेगवेगळ्या कोनांत उघडून पडद्याचा उजेड बदलतो का, तेही बघावे. हे सगळे पंधरा मिनिटांचे काम आहे आणि ते परताव्याच्या मुदतीतच व्हायला हवे. शंका असली तर तोंडी न बोलता ईमेलने किंवा अ‍ॅपवर तक्रार नोंदवून क्रमांक घ्यावा. दोष आज किरकोळ वाटून लॅपटॉप ठेवून घ्यायचा ठरवला, तरी तारखेसह छायाचित्र कंपनीकडे नोंदवून ठेवावे. पुढे तो वाढला, तर सुरुवात कधी झाली, हे सांगणारा तोच पुरावा असेल.

याचा अर्थ प्रत्येक रेघेसाठी लॅपटॉप परत करावा असा नाही. बदलून आलेल्या संचात दुसराच एखादा दोष असू शकतो आणि त्यात आठवडे जातात. ज्याच्यासाठी लॅपटॉप हे रोजच्या कामाचे साधन आहे, त्याने एखादा टवका चालवून घेणे शहाणपणाचे ठरू शकते. फक्त तो निर्णय ग्राहकाने दोष पाहून, समजून आणि मुदतीत घेतलेला असावा. विक्रेत्याच्या ‘एवढे चालतेच’ या एका वाक्यावर सोडलेला नसावा.