वारसा कर आपण भरतोच आहोत, मोठे मात्र भरत नाहीत

परवा बसस्टँडजवळच्या टपरीवर चहा घेत होतो. एका ओळखीच्या कास्तकारानं मोबाईल पुढं केला. "भाऊ, तुमी पेपरवाले हा. बाप मेल्यावर अर्धं वावर सरकारजमा होते म्हनतात, खरं हाय काय?"

फॉरवर्ड जुनाच होता. २४ एप्रिल २०२४ ला सॅम पित्रोदा अमेरिकेतल्या वारसा कराबद्दल बोलले आणि २६ ला आपल्या अमरावतीत मतदान होतं. भाजपनं तो मुद्दा प्रचारात वापरला, काँग्रेसनं हात झटकले. चर्चा तिथंच संपली. भीती मात्र अजून गावोगाव फिरते आहे. त्या भावाकडं जमीन किती? साडेतीन एकर. त्याला जे सांगितलं तेच इथं लिहितो.

भारतात आज वारसा कर नाही. पूर्वी होता. १९५३ साली 'इस्टेट ड्यूटी'चा कायदा झाला, तेव्हा अर्थमंत्री होते आपले चिंतामणराव देशमुख. पुढं २० लाखांवरच्या संपत्तीला दर ८५ टक्क्यांपर्यंत गेला. तरी १९८५ ला व्ही. पी. सिंगांनी तो रद्द केला तेव्हा वर्षाला मिळत किती होते? २० कोटींच्या आसपास. मोठ्यांनी वाटण्या केल्या, ट्रस्ट केले, वकील लावले. आणि सुटीची मर्यादा एक लाखावरून ५० हजारांवर आणल्यामुळं मधला माणूस त्यात सापडला. तो कायदा वाईट चालला, हे मी आधीच मान्य करतो.

आता वावराचं. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत शेतजमिनीवरचा वारसा कर हा राज्याचा विषय आहे. दिल्लीला तो परस्पर लावताच येत नाही. आणि अमेरिकेचं म्हणाल तर २०२४ साली तिथं केंद्राचा हा कर माणसामागं १ कोटी ३६ लाख डॉलरच्या वर होता. म्हणजे आपले शंभर कोटींहून जास्त. चांदूर बाजार तालुक्यात एवढी इस्टेट असलेला एक माणूस दाखवा, मी ही पोस्ट काढून टाकतो.

मग सामान्य माणसाला वारसा कर लागत नाही काय? लागतो. मी भरला आहे.

२०२१ ला वडील गेले. दोन एकर वावर, मातीचं घर आणि बँकेत १ लाख ६० हजारांची ठेव. ठेवीला नॉमिनी नव्हता. बँक म्हणाली, कोर्टाचं वारस प्रमाणपत्र आणा. वकिलाची फी, कोर्ट फी, जामीनदार, पेपरात नोटीस. ज्या पेपरात मी बातम्या देतो त्याच पेपरात बापाच्या नावाची नोटीस पैसे भरून छापली. बहीण अकोल्याहून दोनदा रजा टाकून सहीला आली. सातबाऱ्यावर नावं चढवायला चकरा वेगळ्या; कधी साहेब मिटिंगला, कधी सर्व्हर बंद. अकरा महिन्यांनी हिशेब मांडला तर ठेवीपायी २४ हजार गेले होते. म्हणजे १५ टक्के! मला लिहिता-वाचता येतं, चार ऑफिसांत ओळख आहे, तरी ही गत. ज्या बाईचा नवरा फवारणी करताना गेला, तिनं काय करावं? सातबाऱ्यावर नाव नाही तोवर पीककर्ज नाही, नुकसानभरपाई नाही.

२०२५ मध्ये सरकारनं 'जिवंत सातबारा' मोहीम काढली, सुरुवात आपल्या बुलढाण्यातून. चांगलंच केलं. पण त्यासाठी राज्यभर मोहीम काढावी लागली, यातच किती मेलेली माणसं सातबाऱ्यावर तशीच होती ते कळतं.

दुसरीकडं ज्याच्याकडं हजार कोटी आहेत त्याचं मृत्युपत्र तयार, नॉमिनी तयार, सीए तयार. पोराच्या नावावर सगळं होतं आणि वारसा कर शून्य. कोर्टात जावं लागलंच तरी या फीला वरून मर्यादा आहे. ठरावीक रकमेपुढं ती वाढतच नाही. २०१५ च्या बजेटमध्ये संपत्ती करही गेला. वर्ल्ड इनइक्वालिटी लॅबच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणं देशातली ४० टक्के संपत्ती वरच्या एक टक्का लोकांकडं आहे. त्यांच्याच अभ्यासकांनी १० कोटींवरच्या वारशावर ३३ टक्के कर सुचवला. त्याची झळ १० हजार प्रौढांमागं चौघांना बसली असती.

"एकदा कर भरलेल्या पैशावर पुन्हा कर कशाला?" हा प्रश्न मला नेहमी विचारतात. प्रश्न चुकीचा नाही. पण मोठ्या इस्टेटीतला बराच भाग शेअर आणि प्लॉटच्या वाढलेल्या भावाचा असतो. ते विकलेच नाहीत तर त्या वाढीवर कर लागलेलाच नसतो. आणि मजूर घामाच्या पैशातून साबण, चप्पल घेतो तेव्हा जीएसटी भरतोच ना? तेव्हा कोणी "पुन्हा कशाला" म्हणत नाही.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. १० कोटींच्या वर वारसा कर लावा. मर्यादा महागाईप्रमाणं दरवर्षी वाढेल असं कायद्यातच लिहा, म्हणजे १९५३ च्या कायद्यासारखा मधला माणूस सापडणार नाही. शेतजमीन आणि राहतं घर वगळा. आणि मृत्यूची नोंद झाली की वारस नोंदीचं काम आपोआप सुरू करा. विधवेला चकरा मारायला लावू नका.

पुढच्या वेळी उमेदवार दारात आला की वावर जाणार का हे विचारू नका. माझ्या बापाच्या ठेवीवर १५ टक्के आणि हजार कोटींवर शून्य, हे कसं, ते विचारा.

पटत नसेल तर कमेंटमध्ये भांडा, उत्तर देईन. पण तो फॉरवर्ड मला पुन्हा पाठवू नका.