शिट्टी धरणाऱ्या लेकरांना धीर द्या

हिंगणघाट असो की आर्वी, कबड्डीचा सामना पाहताना आपण खेळाडूला डोक्यावर घेतो. पंच आठवतो तो शिव्या द्यायला! एका सामन्याला एक सरपंच, दोन पंच, एक गुणलेखक व दोन सहायक गुणलेखक, अशी सहा माणसे लागतात. आशियाई स्पर्धेत १९९० साली पुरुषांची व २०१० साली महिलांची कबड्डी आली. खेळ मोठा झाला. पण पंचपरीक्षा पास झालेले पोर पहिल्याच मोसमात शिव्या ऐकून शिट्टी ठेवून देते.

म्हणून आम्ही सुचवितो, नवख्याला आधी गुणलेखनाला बसवा, मग लहान मुलांच्या सामन्यात उभे करा. जुन्या पंचाने जवळ राहावे. चूक सामन्यानंतर बाजूला घेऊन समजवावी. रोजी बुडवून आलेल्याला भाडे-भत्ता त्याच दिवशी द्यावा. मुलगी पंच असेल तर तिला रात्री घरी पोचविण्याची सोय आयोजकांनी करावी.

पिढ्यानपिढ्या आपली माणसे गावच्या पंचांपुढे हात जोडून उभी राहिली. आज आपलीच लेक पंच म्हणून मैदानात उतरत असेल, तर पहिली टाळी आपल्या घरची हवी.