उगवत्या सूर्याचे पाठीराखे

विशेष प्रतिनिधी

परतूर : मुंबईच्या वानखेडे स्टेडियमवर १ एप्रिल २०२४ रोजी मुंबई इंडियन्सचा कर्णधार हार्दिक पंड्या नाणेफेकीसाठी मैदानात उतरला, तेव्हा घरच्याच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. समालोचक संजय मांजरेकर यांना अखेर प्रेक्षकांना नीट वागण्याची समज द्यावी लागली. त्यानंतर तीन महिने उलटले आणि ४ जुलै रोजी त्याच वानखेडेवर ‘हार्दिक, हार्दिक’ असा गजर झाला. मधल्या काळात एवढेच घडले होते, की २९ जूनला बार्बाडोसमध्ये टी-२० विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातले शेवटचे षटक पंड्याने टाकले आणि भारताने दक्षिण आफ्रिकेवर ७ धावांनी मात केली. खेळाडू तोच, मैदान तेच. बदलला होता तो धावफलक.

रोहित शर्माला दूर सारून पंड्याकडे कर्णधारपद दिल्याचा राग एप्रिलमधल्या त्या हुर्योमागे होता, हे खरेच. तथापि, तो राग विझवला कोणत्याही स्पष्टीकरणाने नव्हे, तर एका विजयाने. त्या हंगामात मुंबई इंडियन्सने चौदापैकी चारच सामने जिंकले आणि संघ तळाला राहिला. तो अव्वल राहिला असता, तर रोहितवरील निष्ठा तेवढ्याच जोराने व्यक्त झाली असती काय, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

जिंकणाऱ्याला डोक्यावर घ्यायचे आणि हरणाऱ्याकडे पाठ फिरवायची, ही वृत्ती काही आजची नाही. ‘असतील शिते तर जमतील भुते’ ही म्हण क्रिकेट येण्याच्या आधीपासून मराठीत आहे. मात्र, ही वृत्ती नेमकी कोठून येते, तिच्यासाठी दोषी कोणाला धरायचे आणि तिची किंमत कोण मोजतो, याचा विचार क्वचितच होतो.

वाडेकरांचे तीन उन्हाळे

मराठी क्रीडारसिकांच्या लहरीचा सर्वांत बोलका दाखला अजित वाडेकर यांचा आहे. १९७१ साली त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने आधी वेस्ट इंडीजला त्यांच्याच भूमीवर हरवले आणि २४ ऑगस्टला ओव्हलवर विजय मिळवून इंग्लंडमधील पहिली मालिकाही खिशात घातली. मुंबईने या संघाचे अभूतपूर्व स्वागत केले. विजयाची आठवण म्हणून इंदूरमध्ये खेळाडूंची नावे कोरलेली भव्य बॅट उभारण्यात आली. १९७२-७३ मध्ये मायदेशी पुन्हा इंग्लंडला नमवून वाडेकरांनी सलग तिसरी मालिका जिंकली.

पुढच्याच वर्षी, १९७४ च्या उन्हाळ्यात, भारताने इंग्लंडमध्ये तिन्ही कसोटी गमावल्या. लॉर्ड्सवर संघ अवघ्या ४२ धावांत गारद झाला. त्यानंतर वाडेकरांच्या घरावर दगडफेक झाली, इंदूरच्या त्या बॅटला काळे फासले गेले आणि पश्चिम विभागाच्या संघातूनही वाडेकरांना वगळण्यात आले. त्यांनी निवृत्ती पत्करली. वैभवापासून विस्मृतीपर्यंतचा हा प्रवास तीन वर्षांचा होता. त्या काळी दूरचित्रवाहिन्यांवर चोवीस तास चालणाऱ्या चर्चा नव्हत्या, मोबाइल नव्हता. त्यामुळे चाहत्यांच्या चंचलपणाचे सारे खापर आजच्या माध्यमांवर फोडणाऱ्यांना हा इतिहास अडचणीचा ठरतो.

सचिन तेंडुलकरलाही या लहरीतून सूट मिळाली नाही. मार्च २००६ मध्ये इंग्लंडविरुद्धच्या कसोटीत तो एका धावेवर बाद झाला, तेव्हा वानखेडेच्या काही प्रेक्षकांनी, म्हणजे त्याच्या स्वतःच्या शहराने, त्याला हिणवले. १६ नोव्हेंबर २०१३ रोजी त्याच मैदानाने त्याला अश्रुपूर्ण निरोप दिला. २००७ मध्ये विश्वचषकात बांगलादेशकडून पराभव होताच रांचीत महेंद्रसिंग धोनीच्या बांधकाम सुरू असलेल्या घरावर जमाव चालून गेला. त्याच वर्षी २६ सप्टेंबरला टी-२० विश्वचषक घेऊन आलेल्या धोनीची उघड्या बसमधून मुंबईत मिरवणूक निघाली. दोन्ही घटनांमध्ये अंतर होते सहा महिन्यांचे.

‘आपण’ आणि ‘ते’

या वर्तनाचा शास्त्रीय अभ्यास झालेला आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये सात विद्यापीठांतील विद्यार्थ्यांचे निरीक्षण प्रसिद्ध केले. विद्यापीठाचा फुटबॉल संघ शनिवारी जिंकला, की सोमवारी विद्यापीठाचे नाव वा चिन्ह असलेले कपडे घालून येणाऱ्यांची संख्या वाढत असे. सामन्याचे वर्णन करायला सांगितले, तर विजयानंतर विद्यार्थी ‘आपण’ हे सर्वनाम अधिक वापरत आणि पराभवानंतर तेच विद्यार्थी ‘ते’ म्हणू लागत. दुसऱ्याच्या यशाच्या उजेडात स्वतः उजळून निघण्याची ही धडपड. यशात स्वतःचा काडीचाही वाटा नसताना त्याचा मान मात्र मिळतो. त्यानंतर झालेल्या अभ्यासांनी याची दुसरी बाजूही दाखवली: अपयशी ठरलेल्यापासून माणूस शक्य तितक्या लवकर अंतर राखू पाहतो.

मराठीला हा फरक समजावून सांगण्याची गरज नाही. ‘आपण जिंकलो’ आणि ‘ते हरले’ ही दोन वाक्ये एकाच आठवड्यात, एकाच चहाच्या टपरीवर, एकाच तोंडून ऐकू येतात.

परतूरचा संघ कोणता?

येथपर्यंतचे विवेचन चाहत्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणारे आहे. परंतु परतूरसारख्या गावातून पाहिले, तर चित्र एवढे सरळ राहत नाही.

मनमाड-सिकंदराबाद रेल्वेमार्गावरील परतूर हे जालना जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण. १९४८ पर्यंत हा भाग हैदराबाद संस्थानात होता. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा अस्तित्वात येईपर्यंत परतूर तालुका परभणी जिल्ह्यात मोडत होता. रेल्वेने एका दिशेला मुंबई, तर दुसऱ्या दिशेला हैदराबाद. २००८ मध्ये आयपीएल सुरू झाली, तेव्हा येथील तरुणाने ‘आपला’ म्हणून कोणता संघ निवडायचा होता?

हैदराबादचा डेक्कन चार्जर्स निवडला, तर त्या संघाने २००९ मध्ये विजेतेपद मिळवले खरे. पण २०१२ मध्ये तो संघच स्पर्धेतून बाद करण्यात आला. पुण्याचा म्हणून पुणे वॉरियर्स निवडला, तर २०११ मध्ये आलेला हा संघ २०१३ मध्ये संपला. त्यानंतर आलेला रायझिंग पुणे संघ मुळातच दोन हंगामांसाठी होता. २०१६ मध्ये तो सातवा आला, २०१७ मध्ये अंतिम सामना एका धावेने हरला आणि दुसऱ्या दिवशी त्याचे अस्तित्वच उरले नाही. म्हणजे परतूरहून भौगोलिकदृष्ट्या ‘जवळचे’ म्हणावेत असे तीन संघ दहा वर्षांच्या आत इतिहासजमा झाले. निष्ठा ही दुतर्फी असते. मालकांच्या हिशेबात न बसल्यावर संघ चाहत्याला सोडून जाणार असेल, तर चाहत्याने पडत्या काळात संघाला सोडू नये, ही अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची?

मग राहतो तो दूरचित्रवाणीचा पडदा. पडद्यावर मुंबई, चेन्नई, कोलकाता, बेंगळुरू सारखेच जवळ असतात आणि सारखेच दूर. गाव, बोली, नातेगोते यांपैकी एकही धागा नसताना निवडीचा निकष म्हणून यशच शिल्लक राहते. मुंबई इंडियन्सने २०१३ ते २०२० या काळात पाच विजेतेपदे मिळवली. ज्याने शाळेत असताना हे पाहिले, तो मुंबईचा पाठीराखा झाला, यात नवल ते काय? त्याला संधिसाधू म्हणणे सोपे आहे; त्याला दुसरा पर्याय कोणी दिला होता, हे सांगणे कठीण आहे.

अर्थात, खऱ्या अर्थाने परतूरचा म्हणता येईल असा एक संघ आहे: रणजी करंडकातील महाराष्ट्राचा. या संघाने शेवटचे विजेतेपद १९४०-४१ मध्ये मिळवले. २०१३-१४ च्या मोसमात तो अंतिम फेरीत पोहोचला, केदार जाधवने त्या मोसमात १२२३ धावा काढल्या, मराठवाड्याचा अंकित बावणे त्या संघात होता. पण कर्नाटकने बाजी मारली. जालन्याच्याच विजय झोलने २०११ मध्ये कूचबिहार करंडकात महाराष्ट्राच्या १९ वर्षांखालील संघाकडून आसामविरुद्ध नाबाद ४५१ धावा केल्या आणि २०१४ च्या युवा विश्वचषकात भारताचे नेतृत्व केले. भारत उपान्त्यपूर्व फेरीत इंग्लंडकडून हरला, वरिष्ठ संघाचे दार झोलसाठी उघडले नाही आणि कॅमेऱ्यांचा झोत दुसरीकडे वळला. आपला म्हणावा असा खेळाडू होता. आपला म्हणण्याची सवय मात्र विजयापुरतीच राहिली.

पेठेची निष्ठा

ही सवय निराळी असू शकते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब हे संघ मैदानात उतरतात, तेव्हा कोण कोणाच्या बाजूने ओरडणार हे गुणतक्त्यावरून ठरत नाही, पेठेवरून ठरते. बापाचा संघ तोच मुलाचा संघ. संघ हरला म्हणून कोणी पेठ बदलत नाही, म्हणून संघही बदलत नाही. खेळाडू ओळखीचा असतो, सराव डोळ्यांसमोर होतो आणि पराभवाचे कारणही ठाऊक असते. जेथे ओळख असते तेथे पराभव सोसण्याचे बळ येते.

या निष्ठेलाही काळी बाजू आहे. पेठांमधील ईर्ष्या कित्येकदा हाणामारीपर्यंत जाते आणि पोलिसांना मध्ये पडावे लागते. त्यामुळे अढळ चाहता तेवढा सज्जन आणि चंचल चाहता तेवढा दुर्जन, अशी विभागणी फसवी आहे. किंबहुना, हरल्यावर शांतपणे घरी जाणारा हंगामी चाहता दगड उचलणाऱ्या निष्ठावंतापेक्षा समाजाला कमी त्रासदायक असतो.

किंमत कोण मोजतो?

तरीही ही वृत्ती निरुपद्रवी म्हणून सोडून देता येत नाही. तिचा फटका आयपीएलच्या कोट्यधीश खेळाडूला फारसा बसत नाही. बसतो तो अजून न जिंकलेल्यांना.

महिला क्रिकेटचेच पाहा. २०१३ मध्ये महिलांचा विश्वचषक भारतात झाला, तेव्हा रणजीच्या अंतिम सामन्यासाठी त्याचे सामने वानखेडेवरून हलवण्यात आले. भारतीय संघ सातवा आला आणि फारशा कोणाच्या ते लक्षातही राहिले नाही. २०२५ च्या विश्वचषकात भारत साखळीत सलग तीन सामने हरला, तेव्हा समाजमाध्यमांवर टिंगलीला ऊत आला. जेमिमा रॉड्रिग्जला एका सामन्यात वगळण्यातही आले. तिनेच ३० ऑक्टोबरला नवी मुंबईत ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७ धावा करून संघाला अंतिम फेरीत नेले आणि २ नोव्हेंबरला दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून भारत जगज्जेता झाला. त्यानंतर सांगलीच्या स्मृती मानधनासह सगळ्याच ‘आपल्या मुली’ झाल्या. पण ही मंडळी ज्या काळात घडली, त्या रिकाम्या गॅलरीच्या काळात ‘आपण’ म्हणणारे कितीसे होते?

वैयक्तिक खेळांत तर परिस्थिती आणखी कठोर आहे. बीड जिल्ह्यातील मांडवा गावचा अविनाश साबळे पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावणारा पहिला भारतीय पुरुष ठरला. तो अकरावा आला आणि बातमी एका दिवसात संपली. त्याच स्पर्धेत कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने नेमबाजीत कांस्यपदक मिळवताच सत्कारांची रांग लागली. १९५२ मध्ये हेलसिंकीला जाण्यासाठी खाशाबा जाधवांना लोकवर्गणी गोळा करावी लागली होती; मिरवणूक निघाली ती पदक मिळाल्यावर. जानेवारी २०२५ मध्ये पहिल्या खो-खो विश्वचषकात भारताचे दोन्ही संघ विजेते ठरले; पुरुषांचा कर्णधार प्रतीक वाईकर आणि महिलांची कर्णधार, मूळची बीड जिल्ह्यातील, प्रियांका इंगळे ही दोघेही महाराष्ट्राची. चार दिवस कौतुक झाले. तालुक्याच्या मैदानावर खो-खोची चुरस पाहायला उभा राहणारा प्रेक्षक त्यानंतर वाढला, तरच त्या विजयाचा काही उपयोग.

प्रेक्षक नसले की प्रायोजक येत नाही, प्रायोजक नसला की स्पर्धा होत नाही, स्पर्धा नसली की पुढचा खेळाडू घडत नाही. विजयानंतर टाळ्या वाजवणारा चाहता या साखळीच्या शेवटच्या टोकाला उभा असतो. गरज असते ती पहिल्या टोकाला.

यावर उपाय म्हणून चाहत्यांना निष्ठेचे पाठ देऊन भागणार नाही. निष्ठा उपदेशाने येत नाही, ती ओळखीतून येते. महाराष्ट्राच्या संघाचे काही सामने मराठवाड्यातील मैदानांवर नियमित झाले, तालुका पातळीवरील कबड्डी, खो-खो आणि क्रिकेटच्या स्पर्धांना वार्षिक वेळापत्रक मिळाले, स्थानिक खेळाडूची कामगिरी चांगली असो वा वाईट, ती गावापर्यंत पोहोचत राहिली, तर परतूरच्या तरुणालाही हरणारा संघ आपला वाटू शकेल. तोपर्यंत दर हंगामाला जर्सीचा रंग बदलणाऱ्या चाहत्याला नावे ठेवण्याचा अधिकार ना संघमालकांना आहे, ना क्रीडा संघटनांना. उगवत्या सूर्याला सगळेच नमस्कार करतात. मावळतीला तोंड करून उभे राहावे, इतके जवळचे मात्र आधी कोणी तरी असावे लागते.