पेन्शनच्या फाइलीबाहेरचा माणूस

17 सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, मंठा तालुक्यात गावोगाव झेंडावंदन होतं. शाळेची पोरं घोषणा देतात, भाषणं होतात, स्वातंत्र्यसैनिकाच्या घरच्यांना शाल-श्रीफळ दिलं जातं. आता ते घ्यायला बहुतेक ठिकाणी मुलगा येतो, सून येते, क्वचित थकलेली पत्नी येते. हैदराबाद संस्थानावर भारताची पोलीस कारवाई झाली 1948 साली. तेव्हा अठरा वर्षांचा असलेला तरुण आज असलाच, तर पंच्याण्णवीच्या पुढचा आहे. जे होते ते एकेक करून गेले. गावाने त्यांना शासकीय इतमामात निरोप दिला, पोलिसांनी मानवंदना दिली, तहसीलदारांनी पुष्पचक्र वाहिलं. पण त्यांचं आयुष्य कुणी लिहून ठेवलं का? या प्रश्नावर आपल्याला मान खाली घालावी लागते.

त्या काळी हा मुलूख परभणी जिल्ह्याच्या परतूर तालुक्यात होता आणि राज्य हैदराबादच्या निजामाचं होतं. शेजारचं लोणार वऱ्हाडात, म्हणजे निजामाच्या अमलाबाहेर. शेतं शेताला लागलेली, सोयरिकी दोन्हीकडे, आणि मधे एक हद्द. हैदराबाद स्टेट काँग्रेसवर 1938 मध्ये स्थापनेलाच बंदी आली. 7 ऑगस्ट 1947 ला स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली संस्थान भारतात विलीन होण्यासाठीचा लढा सुरू झाला आणि मराठवाड्यातले हजारो साधे शेतकरी, शिक्षक, दुकानदार त्यात उतरले. सरकारला महसूल मिळवून देणारी शिंदीची झाडं रात्रीतून तोडायची, करोडगिरीचे म्हणजे जकातीचे नाके जाळायचे, लेव्हीचं धान्य अडवायचं, तिरंगा लावून पसार व्हायचं, ही त्यांची कामं. त्याची शिक्षा म्हणजे तुरुंग, नाहीतर निजामाच्या बाजूने लढणाऱ्या रझाकारांची गोळी.

हा भाग निदान भाषणात तरी येतो. येत नाही ते त्या माणसाचं घर. तो भूमिगत झाला तेव्हा पेरणी कोणी केली? औत कोणी हाकलं? दारात रझाकार उभे असताना आत दोन लेकरं घेऊन बसलेल्या बाईने काय उत्तर दिलं? अंधारात भाकरी कोणी पोचवली? तो परत आला तेव्हा बैल विकलेले होते का, सावकाराचं देणं किती वर्षं फिटत होतं? पुढची पन्नास-साठ वर्षं हाच माणूस शेती करत होता, मुलींची लग्नं लावत होता, भावाभावांच्या वाटण्या करत होता, नातवंडांना शाळेत सोडत होता. त्याच्या धाडसाची किंमत सगळ्या घराने मोजली. ती बाजूला ठेवून त्याची आठवण काढली, तर ती अर्धीच आठवण.

आपल्याच, म्हणजे आजच्या जालना जिल्ह्यातलं उदाहरण घ्या. बदनापूर तालुक्यातल्या धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके. रझाकारांविरुद्ध हत्यार घेऊन उभी राहिलेली ही बाई. लढ्यात गुंतल्यावर संसार अडू नये म्हणून तिने नवऱ्याचं दुसरं लग्न स्वतः लावून दिलं, असं जिल्ह्यात आजही सांगतात. तिच्या पराक्रमाइतकाच हा निर्णयही आपल्याला हलवून सोडतो. दगडाबाईंची गोष्ट टिकली, कारण ती लोकांच्या तोंडी राहिली आणि कुणीतरी लिहिली. अशा किती घरांच्या गोष्टी शेवटच्या म्हाताऱ्यासोबत सरणावर गेल्या असतील!

सरकारने पेन्शन दिली, हे खरं आणि चांगलंच झालं. स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवी वर्षात, 1972 मध्ये, केंद्राची योजना सुरू झाली. पण फाइल मागते तेवढंच तिच्यात येतं. तुरुंगात किती महिने, वॉरंट निघालं होतं का, भूमिगत असल्याचा दाखला कोणाचा. ज्या बाईने घर तगवलं, तिचं नाव अर्जात येतं ते वारस म्हणून. पुढे मुला-नातवाला नामनिर्देशित पाल्य म्हणून दाखला मिळतो आणि त्या दाखल्याची झेरॉक्स नोकरीच्या अर्जाला लागते. घरच्यांना तो हक्क जरूर मिळावा. पण आजोबांनी नेमकं काय केलं, हे त्या नातवाला सांगता येत नसेल, तर दोष एकट्या नातवाचा नाही.

आठवणी वेळेवर न लिहिण्याचे परिणाम मराठवाड्याने भोगले आहेत. बीड जिल्ह्यातल्या बोगस स्वातंत्र्यसैनिकांचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, निवृत्त न्यायमूर्ती पालकर यांच्याकडून चौकशी झाली. निजामाच्या कारभाराची कागदपत्रं उर्दूत, बरीच हरवलेली, आणि गावाने स्वतःची नोंद कधी ठेवलेली नाही. अशा ठिकाणी खोट्याला जागा सापडते आणि खऱ्याकडेही लोक संशयाने बघतात. ज्याने तारुण्य पणाला लावलं, त्याला म्हातारपणी आपला खरेपणा सिद्ध करत कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवाव्या लागाव्यात, हा त्याचा अपमान आहे. तो आपल्या हलगर्जीपणातून झाला.

अजूनही थोडा वेळ हाताशी आहे. त्या सैनिकांची मुलं-मुली, सुना आज सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांनी हे सगळं आईच्या, सासूच्या तोंडून ऐकलेलं आहे. ट्रंकेत जेलचे दाखले आहेत, जुनी पत्रं आहेत, भिंतीवर फोटो आहेत. मंठ्याच्या शाळा-महाविद्यालयांनी विद्यार्थ्यांना गावं वाटून द्यावीत. प्रत्येक घरी दोनदा-तीनदा जाऊन निवांत बसावं, मोबाइलवर आवाज टिपून घ्यावा, कागदांचे फोटो काढावेत. ग्रामपंचायतीने एक वही करावी, तिची प्रत तालुक्याच्या वाचनालयात आणि तहसीलमध्ये ठेवावी. याला मोठा निधी लागत नाही.

मुक्तिसंग्रामाचा अमृतमहोत्सव 2023 मध्ये झाला. त्यानिमित्त छत्रपती संभाजीनगरला मंत्रिमंडळाची बैठक झाली, घोषणा झाल्या. आमची मागणी त्याहून लहान आहे. पुढच्या 17 सप्टेंबरला प्रत्येक गावाने आपल्या एका तरी सैनिकाचं आयुष्य, त्याच्या घरातल्या बाईच्या नावासकट, झेंड्याखाली वाचून दाखवावं. शाल दिली तर जरूर द्यावी, पण आधी हे वाचन व्हावं.