सागरी हिमविस्तार
सागरी हिमविस्तार ही आर्क्टिक प्रदेशातील हवामान बदलाचे मूल्यमापन करताना वापरली जाणारी प्रमुख संज्ञा आहे. उपग्रह निरीक्षणात समुद्राचा पृष्ठभाग चौकटींत विभागला जातो. ज्या चौकटीत किमान १५ टक्के बर्फ असतो, ती संपूर्ण चौकट विस्तारात धरली जाते. त्यामुळे बर्फाचे प्रत्यक्ष क्षेत्रफळ विस्तारापेक्षा कमी भरते. १९७९ पासूनच्या नोंदींत सप्टेंबर २०१२ मधील सुमारे ३४ लाख चौरस किलोमीटर हा नीचांक असून २०२४ पर्यंत तो मोडला गेला नव्हता. मात्र यावरून बर्फ सावरला असे म्हणता येत नाही, कारण विस्तारात जाडी मोजली जात नाही. अनेक उन्हाळे टिकलेला जाड बर्फ घटला असून त्याची जागा एकाच हिवाळ्यात गोठलेल्या पातळ बर्फाने घेतली आहे. तो उन्हाळ्यात लवकर वितळतो. म्हणून विस्ताराबरोबर बर्फाचे घनफळही विचारात घेतले जाते.