मुक्काम ठरवताना नाव पूर्ण सांगा



वर्षावास संपला आणि मुलांना शाळेची सुट्टी लागली की आपल्या विहारात एकच विषय निघतो, यंदा धम्मसहल कुठे न्यायची? अजिंठा-वेरूळ बघायचे प्रत्येकीच्या मनात असते. पण कोल्हापूरहून छत्रपती संभाजीनगर, म्हणजे आपल्या तोंडात बसलेले औरंगाबाद, साडेचारशे किलोमीटरच्या वर आहे. एका दिवसात जाऊन येण्यासारखे नाही, मुक्काम करावाच लागतो. आणि मुक्काम म्हटला की गृहिणीच्या छातीत धस्स होते. लॉजचे भाडे किती, जेवणाचे किती, म्हाताऱ्या माणसांचे कसे? गेल्या पंधरवड्यात चार-पाच भगिनींनी मला हेच विचारले. आम्ही नुकतेच जाऊन आलो, म्हणून यावेळी या सदरात मुक्कामाविषयीच लिहिते.

आमच्या घरची माणसे पाच. सत्त्याहत्तर वर्षांच्या सासूबाई, आम्ही दोघे, नववीतली मुलगी आणि दहा वर्षांचा मुलगा. जायचा हट्ट सासूबाईंचाच होता. त्या म्हणाल्या, "मला लेणी-बिणी काय कळत न्हाई. पर बाबासाहेबांनी कालेज काढलं, ती जागा एकदा डोळ्यानं बघायची हाय." त्या दिवसापासून मी डब्यात पैसे टाकायला लागले. विहारातल्या भिशीची पाळीही याच कामासाठी राखून ठेवली.

पहिला हिशेब प्रवासाचा. आपल्या एस.टी.त पंच्याहत्तर वर्षे पूर्ण केलेल्यांना २०२२ सालापासून तिकीट लागत नाही. पासष्ट ते पंच्याहत्तर वयाच्यांना अर्धे तिकीट आहे. मार्च २०२३ पासून सर्व महिलांनाही अर्धे तिकीट झाले. पाच ते बारा वर्षांच्या मुलांचे अर्धे तर पूर्वीपासूनच आहे. आता आमचे मोजा. सासूबाईंचे शून्य, माझे, मुलीचे आणि मुलाचे प्रत्येकी अर्धे, आणि ह्यांचे एक. पाच माणसे अडीच तिकिटांत गेली. खासगी गाडी किंवा ट्रॅव्हल्स ठरवण्याआधी हा हिशेब कागदावर मांडून बघा. वयाच्या पुराव्यासाठी आधार कार्ड मात्र हाताशी ठेवा. ते पिशवीच्या तळाशी राहिले की कंडक्टरपुढे अख्खी पिशवी उपसावी लागते.

रेल्वेने जाणाऱ्यांसाठी आपल्या कोल्हापूरची महाराष्ट्र एक्स्प्रेस आहे. ती मनमाडवरून जळगावकडे जाते. मनमाडला उतरून दुसऱ्या गाडीने संभाजीनगरला जाता येते. ज्यांना फक्त अजिंठाच बघायचा आहे त्यांनी सरळ जळगावला उतरावे, तेथून लेणी सुमारे साठ किलोमीटरवर आहेत.

आता एक चुकीची काटकसर सांगते. पुष्कळजणी म्हणतात, रात्रीच्या गाडीने जायचे आणि रात्रीच्याच गाडीने यायचे, दोन दिवसांचे लॉजचे भाडे वाचते. तरण्याताठ्यांना हे ठीक आहे. पण घरात म्हातारे माणूस असेल तर रात्रभर बसून सुजलेले पाय घेऊन ते दुसऱ्या दिवशी लेण्यांच्या पायऱ्या कसे चढणार? ज्यांच्यासाठी सहल काढली त्यांनाच लॉजवर झोपवून ठेवायचे, मग वाचवले काय? आम्ही पहाटेच्या गाडीने निघालो. दुपारचे जेवण घरचेच होते, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, कांदा आणि मधल्या वेळेला भडंग. संध्याकाळी पोचून सगळे स्वस्थ झोपलो. भाडे दोन दिवसांचे जादा गेले, पण सासूबाई तिन्ही दिवस आमच्या बरोबरीने हिंडल्या.

दुसरी गोष्ट वाराची. अजिंठा लेणी सोमवारी बंद असतात आणि वेरूळ मंगळवारी. हे न बघता गेलेली माणसे दारातून परत येतात आणि एक मुक्काम फुकट वाढतो. आम्ही मंगळवारी पहाटे निघालो. बुधवारी शहर, गुरुवारी अजिंठा, शुक्रवारी वेरूळ आणि दौलताबाद, शनिवारी परत. चौदा जानेवारीला विद्यापीठाच्या नामविस्तार दिनाला आणि विजयादशमीला तिथे आपल्या लोकांची मोठी गर्दी होते. तो सोहळा जरूर बघावा, पण त्या दिवसांत खोली अगोदर ठरवल्याशिवाय निघू नये.

आता खोली. वेरूळ आणि अजिंठ्याच्या एस.टी. गाड्या मध्यवर्ती बसस्थानकातून सुटतात. म्हणून लॉज बसस्थानकापासून चालत जाता येईल असा घ्यावा. लांबचा लॉज शंभर-दोनशेने स्वस्त वाटतो, पण तेवढे पैसे सकाळ-संध्याकाळ रिक्षातच जातात. फोनवर एवढे प्रश्न विचारा: भाडे कर धरून किती? चोवीस तासांचे, की दुपारी बाराला खोली सोडावी लागते? जादा गादीचे किती? खोली तळमजल्यावर आहे की लिफ्ट आहे? संडास कमोडचा आहे का? गरम पाणी किती वाजेपर्यंत असते? पाच माणसांना दोन खोल्या घेण्यापेक्षा एक मोठी खोली आणि दोन जादा गाद्या आम्हाला स्वस्त पडल्या.

काहीजणी म्हणतील, एवढे कशाला, पाव्हण्यांच्यात उतरायचे. उतरा, पण तो मुक्काम कोणाला स्वस्त पडतो तेही बघा. पाच माणसांचा स्वयंपाक, अंघोळीचे पाणी, अंथरुणे, हे सारे त्या घरातली बाईच करते. ती नोकरीवर किंवा मजुरीला जाणारी असेल तर तिचा खाडा होतो. एक वेळ जेवायला जावे, मुलांच्या हातात काही द्यावे आणि रात्री लॉजवर यावे. विहारांचेही तेच. विहार ही धर्मशाळा नव्हे. भंतेजींच्या आणि विहार समितीच्या परवानगीने जागा मिळाली तर आपले आपण झाडून-पुसून निघावे आणि भाड्याइतके तरी दान पेटीत टाकावे.

आता मुख्य मुद्द्यावर येते. तीन वर्षांपूर्वी आम्ही एका दुसऱ्या गावी गेलो होतो. फोनवर खोली ठरवली होती. रात्री आठला पोचलो. मॅनेजरने ह्यांचे आधार कार्ड बघितले, माझ्या गळ्यातले बाबासाहेबांचे पदक बघितले आणि म्हणाला, खोल्या शिल्लक नाहीत. आम्ही पिशव्या उचलत होतो तोवर मागून आलेल्या कुटुंबाला किल्ली मिळाली. आम्ही काही बोललो नाही. मुले पेंगुळली होती, भांडण नको वाटले. रात्र बसस्थानकाच्या बाकावर काढली. मुलीने तेव्हा विचारले, "आई, आपण का नाही बोललो?" मी म्हटले, झोप आता. पण झोप मला आली नाही.

मुक्कामाचे हे दुखणे आपल्याकडे जुने आहे. १९१७ साली बाबासाहेब परदेशात शिकून बडोद्याला नोकरीवर आले, तेव्हा त्यांना उतरायला जागा मिळेना. शेवटी एका पारशी धर्मशाळेत, रजिस्टरमध्ये पारशी नाव लिहून राहावे लागले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेले लोक आले आणि त्यांना बाहेर काढले. मित्रांच्या घरीही आसरा मिळाला नाही. मुंबईची गाडी येईपर्यंत त्यांनी बडोद्याच्या बागेत वेळ काढला. एवढा शिकलेला माणूस, आणि रजिस्टरमध्ये स्वतःचे नाव लिहायची सोय नव्हती!

पुढे १९३४ साली बाबासाहेब तीसएक सहकाऱ्यांना घेऊन याच भागात आले होते. वेरूळची बौद्ध लेणी आणि दौलताबादचा किल्ला बघायचा होता. वाटेत त्रास नको म्हणून आपण कोण ते कोणाला न सांगता प्रवास करायचे ठरले होते. किल्ल्याच्या दारातल्या हौदावर धुळीने भरलेली तोंडे धुतली, तर हौद बाटवला म्हणून जमाव धावून आला. शेवटी किल्ला बघू दिला, पण बरोबर हत्यारी शिपाई दिला. कशासाठी? तर यांनी आत कुठे पाण्याला हात लावू नये म्हणून. हे सारे बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या छोट्या पुस्तिकेत लिहून ठेवले आहे. सहलीला निघण्यापूर्वी ती घरात मोठ्याने वाचा. आम्ही एस.टी.त वाचली.

आपल्या कोल्हापूरने याबाबतीत वेगळी वाट दाखवली होती, हेही मुलांना सांगावे. छत्रपती शाहू महाराजांनी १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क होस्टेल सुरू केले. १९१९ मध्ये सार्वजनिक इमारती, धर्मशाळा, पाणवठे येथे विटाळ मानू नये असे हुकूम काढले. गंगाराम कांबळे यांना त्यांनी चहाचे हॉटेल काढून दिले. 'सत्यसुधारक' त्याचे नाव. लोक तिथला चहा प्यायला कचरत होते, तर महाराज स्वतः खडखडा थांबवून तिथला चहा प्यायचे आणि बरोबरच्यांनाही पाजायचे. महाराजांचा हुकूम एका संस्थानापुरता होता. बाबासाहेबांनी राज्यघटनेत तो हक्क साऱ्या देशाला दिला. पंधराव्या कलमात दुकाने, हॉटेले, विहिरी, तलाव अशी नावे घेऊन लिहिले आहे की धर्म, जात, लिंग यांवरून कोणाला तिथे अडवता येणार नाही. हॉटेल हा शब्द घटनेत कशासाठी आला, ते बडोद्याची गोष्ट वाचल्यावर वेगळे सांगावे लागत नाही.

म्हणून यावेळी फोन मुलीलाच करायला सांगितला. तिने पहिल्याच वाक्यात पूर्ण नाव सांगितले, आडनावासकट. बसस्थानकाजवळच्या तीन लॉजना फोन केले. एकाने "नंतर कळवतो" म्हटले आणि कळवले नाही. त्याच्या मनात काय होते कोण जाणे, आपण संशय धरायचा नाही, पण वाटही बघायची नाही. दुसऱ्याचे भाडे परवडेना. तिसऱ्याने नाव लिहून घेतले, भाडे सांगितले आणि विचारले, "आजी किती वर्षांच्या? तळमजल्याची खोली ठेवतो." मुलीने खोली ठरल्याचा मोबाईलवर मजकूरही मागून घेतला. हे विसरू नका. लेखी काही हातात असले की दारात नाही म्हणणाऱ्याला कारण सांगावे लागते.

बुधवारी सकाळी नागसेनवनात गेलो. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते मिलिंद महाविद्यालयाची कोनशिला बसली, ती ही जागा. राजा मिलिंदाच्या प्रश्नांना भिक्खू नागसेनाने उत्तरे दिली, म्हणून महाविद्यालयाला एकाचे आणि परिसराला दुसऱ्याचे नाव. सासूबाई पायातले काढूनच आत चालल्या. मुलगा म्हणाला, "आजी, ही शाळा आहे, विहार नाही." त्या म्हणाल्या, "तुला न्हाई कळायचं." तिथून विद्यापीठाच्या दारात उभे राहून नामांतराची हकिकत मुलांना सांगितली. नाव मिळायला १४ जानेवारी १९९४ उजाडावे लागले. संध्याकाळी विद्यापीठामागच्या डोंगरातली बुद्ध लेणी बघितली. तिथे थोडक्या खर्चात दर्शन होते, तरी बाहेरगावचे बहुतेक लोक ती बघत नाहीत.

अजिंठ्याला आपली गाडी फाट्यावरच थांबते, शेवटचे चारेक किलोमीटर तिथल्या ठराविक बसनेच जावे लागते. पंधरा वर्षांखालील मुलांना लेण्यांचे तिकीट नाही. चढण झेपत नसेल तर डोलीवाले मिळतात, पण दर आधी ठरवा. सारी लेणी बघण्याचा हव्यास धरू नका. पहिले लेणे चित्रांसाठी, दहावे त्याच्या जुनेपणासाठी आणि सव्विसावे महापरिनिर्वाणाच्या भव्य मूर्तीसाठी, एवढी निवांत बघा. त्या मूर्तीपुढे आम्ही त्रिशरण-पंचशील घेतले. वेरूळची पहिली बारा लेणी बौद्धांची. त्यांतले दहावे चैत्यगृह चुकवू नये.

दौलताबादला किल्ल्याच्या दारात मुलाने बाटलीतले पाणी घटाघट पिऊन घेतले. आजीने उरलेल्या पाण्याने तोंड धुतले. कोणी काही म्हटले नाही. म्हणणार तरी कोण?

एक सांगायचे राहिले. मंगळवारी लॉजवर पोचलो तेव्हा मॅनेजरने रजिस्टर पुढे केले. ह्यांनी पेन घेतले, तर मुलगी म्हणाली, "पप्पा, आजीला लिहू द्या." सासूबाई साक्षरता वर्गात सही करायला शिकल्या आहेत. त्यांनी चष्मा लावला आणि एकेक अक्षर जोडत स्वतःचे, नवऱ्याचे आणि शेवटी आडनाव लिहिले. दोन ओळींची जागा गेली. मॅनेजर थांबला आणि मग किल्ली त्यांच्याच हातात दिली.

तेव्हा भगिनींनो, डब्यात आजपासून पैसे टाका, वार बघा, तिकिटांचा हिशेब मांडा आणि फोनवर नाव पूर्ण सांगा. कोणी नाही म्हटलेच तर मुलांदेखत शांतपणे कारण विचारा. आम्ही एकदा गप्प बसलो, ते आमच्या मुलीच्या तीन वर्षे लक्षात होते.

जय भीम! नमो बुद्धाय!